पोरगं तेच, मास्तर बदलले, क्लास बदलला, मग अडतंय कुठं?

2024 च्या फेब्रुवारीत सरकारनं एक जीआर काढला होता, आठवत असेल. पूर्वप्राथमिक ते चौथीच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवायच्या नाहीत, 2024-25 पासून. कारण साधं होतं, लहान पोरांची झोप होत नाही, रात्री उशिरा झोपतात आणि सकाळी डोळे चोळत गाडीत बसतात. त्याच्या आधी डिसेंबरमध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस जाहीर कार्यक्रमात हेच बोलले होते. ह्यात वाईट काय होतं? काहीच नाही. तरी किती ओरड झाली. एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक आणि दुपारी माध्यमिक भरवणाऱ्या शाळा म्हणाल्या दुपारची पोरं आम्ही कुठं बसवू, गाडीवाले म्हणाले एका गाडीच्या दोन फेऱ्या आता बसत नाहीत म्हणजे एकतर गाड्या वाढवा नाहीतर पैसे वाढवा, सकाळी कामावर जाणारे आईबाप म्हणाले आम्ही गेल्यावर नऊपर्यंत पोराजवळ थांबणार कोण. शिवाय शाळा उशिरा आहे म्हटल्यावर रात्रीचं जागरण अजून लांबेल ही भीती होतीच, आणि मग झोप होती तेवढीच राहणार.

निर्णय पोरांच्या भल्याचाच होता. पण शाळेची वेळ म्हणजे भिंतीवरचं घड्याळ नाही की काटा सरकवला आणि काम झालं, त्या वेळेला गाडी, आईची ड्युटी, बापाची शिफ्ट, दुपारचा वर्ग, रात्रीचं जेवण असं सगळं बांधलेलं असतं. एक टोक ओढलं की बाकीची टोकं ओढली जातात आणि ती उलट ओढतात. हे आधीच दिसावं म्हणून विचार करायची एक पद्धत आहे, तिला सिस्टिम थिंकिंग म्हणतात. हल्ली शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये, कंपनीच्या एचआरच्या तोंडात, पालकांच्या ग्रुपवर सगळीकडं हा शब्द ऐकू येतो आणि बहुतेकांना तो कॉम्प्युटरचा काहीतरी प्रकार वाटतो. तसं काही नाही, कॉम्प्युटर नसला तरी चालतं, कागद-पेन्सिल पुरते.

आधी सिस्टिम म्हणजे काय

तीन गोष्टी लागतात. काही भाग, त्या भागांचे एकमेकांशी संबंध, आणि त्या सगळ्यातून शेवटी काय निघतंय ते. शाळेत पोरं, मास्तर, बाक, पुस्तकं हे भाग. कोण कुणाला काय सांगतं, कुणाच्या करण्यानं कुणाचं काय बदलतं हे संबंध. आणि शाळेच्या पाटीवर काय लिहिलंय ते सोडा, वर्षाच्या शेवटी खरंच बाहेर काय पडतंय ते बघा, पोरं शिकून निघतात का फक्त मार्क घेऊन निघतात, तोच त्या सिस्टिमचा खरा उद्देश समजायचा. भाग डोळ्याला दिसतात म्हणून आपण भागच बदलत बसतो. मास्तर बदला, क्लास बदला, पोराची तुकडी बदला. संबंध दिसत नाहीत म्हणून ते तसेच राहतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

अमेरिकेत एक इंजिनिअर होते, नाव जे फॉरेस्टर, गुरांच्या रँचवर वाढलेले. 1956 साली ते एमआयटीच्या मॅनेजमेंट शाखेत आले आणि तिथं त्यांच्यासमोर जनरल इलेक्ट्रिक कंपनीचं एक कोडं आलं. केंटकीतल्या त्यांच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन-चार शिफ्ट चालायच्या आणि काही वर्षांनी निम्मे कामगार घरी बसवायची वेळ यायची, परत काही वर्षांनी परत भरती. सगळे म्हणायचे बाजारच तसा आहे, मंदी-तेजी. फॉरेस्टरनी कंपनी माणसं कधी घेते आणि माल किती साठवते ह्याचे नियम विचारून घेतले, वहीत आठवड्यामागून आठवडा आकडे मांडले आणि दाखवलं की बाहेर ऑर्डरी अगदी स्थिर ठेवल्या तरी कंपनीच्या स्वतःच्या नियमांमुळंच भरती आणि कपात वरखाली होत राहते. सगळे बाहेर बोट दाखवत होते आणि कारण आत होतं. पुढं म्हातारपणी ह्याच माणसानं शाळेतल्या पोरांना असा विचार शिकवायचा ध्यास घेतला, आणि 1980 च्या दशकाच्या शेवटी त्यांचे एमआयटीतले जुने सर गॉर्डन ब्राऊन ह्यांनी ॲरिझोनातल्या टूसानमध्ये एका माध्यमिक शाळेत हे काम सुरूपण केलं.

सोलापूरकराला हे मोटरीवरनं पटकन कळेल

आपल्याकडं पाणी उजनीचं, शंभरेक किलोमीटरवरनं येणारं, आणि नळाला कधी तीन, कधी चार-पाच दिवसांनी. वर्षानुवर्षं हेच. आता समजा गल्लीत एकानं नळाला थेट मोटर लावली. त्याची टाकी भरली. पण त्याच्या पुढच्या घराचं प्रेशर कमी झालं, मग त्यानंपण लावली. मग तिसऱ्यानं. आता गल्लीत मोटर नसलेल्या घरी हंडा भरायलासुद्धा धार येत नाही, म्हणून उसने पैसे काढून तोपण मोटर घेतो. सगळ्यांकडं मोटरी झाल्या, लाईटबिल वाढलं, आणि पाणी? पाणी लाईनला जेवढं सुटत होतं तेवढंच. प्रत्येकजण स्वतःच्या जागी बरोबर वागला आणि सगळ्यांचं मिळून वाटोळं झालं. ह्यात वाईट माणूस शोधायला गेलात तर सापडत नाही.

ह्याला वाढतं चक्र म्हणतात, म्हणजे एका गोष्टीनं दुसरी वाढते आणि दुसरीनं परत पहिली वाढते. दुसरा प्रकार सावरणाऱ्या चक्राचा, टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पाणी बंद होतं, म्हणजे गोष्ट ठरलेल्या जागी परत आणणारं. तिसरी गोष्ट विलंब, आज केलेल्याचा परिणाम उशिरा दिसणं. आज ड्रम भरून ठेवला, झाकला नाही, डास आठवडाभरानं होतात आणि घरात ताप त्याच्यापण पुढं येतो, तोवर ड्रमची आठवण कुणाला राहते? दोन चक्रं आणि एक विलंब, ह्या लेखापुरतं एवढंच शास्त्र लागणार आहे.

ट्यूशनचं चक्र

आता ह्याच नजरेनं दहावी-बारावी बघा. वर्गातल्या थोड्या पोरांनी क्लास लावले. क्लासला धडा आधीच होतो, म्हणून वर्गात सरांनी विचारलं "हे येतंय ना सगळ्यांना" की हात वर होतात आणि सर पुढं जातात. ज्याचा क्लास नाही त्याचं तिथंच सुटतं. तो घरी सांगतो शाळेत काही कळत नाही, आईबाप पोटाला चिमटा काढून क्लास लावतात. पुढच्या वर्षी वर्गात क्लासवाली पोरं अजून जास्त, सर अजून पटपट पुढं. काही वर्षांनी अशी अवस्था येते की शाळेत शिकवलं काय आणि नाही काय कुणाला फरकच पडत नाही. सरांना वाटतं पोरं लक्ष देत नाहीत, पोरांना वाटतं सर शिकवत नाहीत, दोघांचंही खरं आहे. मोटर आणि पाणी, दुसरं काही नाही.

ह्याच्यावर अजून एक चक्र बसलंय. राज्याचा दहावीचा निकाल 2024 ला 95.81 टक्के होता, 2025 ला 94.10 टक्के. इतकी पोरं पास होतात ही आनंदाची गोष्ट आहे आणि मी त्यावर नाक मुरडणाऱ्यातला नाही. पण वरच्या टोकालापण मार्कांची गर्दी झाली की मार्कांवरनं निवड करणं अवघड होतं, मग खरी निवड नीट, जेईई, सीईटीवर सरकते. निवड तिकडं सरकली की अभ्यास तिकडं सरकतो, अभ्यास तिकडं गेला की अकरावी-बारावीच्या कॉलेजात प्रवेश नावाला आणि वर्ग ओस. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल ह्यांनी 1970 च्या दशकात हे नियमासारखं मांडून ठेवलंय, एखाद्या आकड्यावर मोठे निर्णय ठरायला लागले की तो आकडा बिघडवायचा दबाव वाढतो आणि ज्यासाठी तो मोजत होतो ती गोष्टपण बिघडते. परीक्षेत कॉपी का होते आणि दरवर्षी कॉपीमुक्त अभियान का लागतं ह्याचं बरंचसं उत्तर इथं आहे. भरारी पथक हे सावरणारं चक्र आहे, गरजेचंच आहे, पण मार्कांवर टांगलेला जीव तसाच ठेवून नुसती पथकं वाढवली तर दोन्ही बाजूंचा जोर वाढत जातो एवढंच.

जानेवारी 2024 मध्ये केंद्रानं कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 16 वर्षांच्या आतल्या पोरांना कोचिंगमध्ये घ्यायचं नाही असं आहे. मला हे आवडलं होतं. पण नियमानं मोटर काढा म्हटलं आणि पाण्याचं प्रेशर होतं तसंच ठेवलं तर लोक काय करतात ते आपल्याला गल्लीत माहितीये. नियम चुकीचा नाही, एकटा पडतो.

वर्गाच्या आत

1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि तिथल्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन ह्यांनी एक प्रयोग केला. शिक्षकांना सांगितलं की आमच्या चाचणीनुसार ही अमुक पोरं ह्यावर्षी भरभर पुढं जाणार आहेत. प्रत्यक्षात ती नावं कशीही उचललेली होती. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतली ती पोरं बुद्धीच्या चाचणीत बाकीच्यांपेक्षा जास्त वाढलेली दिसली. 1968 साली हे छापून आलं आणि त्यावर भरपूर वाद झाला, परिणाम इतका मोठा असतो का ह्यावर संशोधक अजून भांडतात, तेव्हा ह्याला जादू समजू नका. पण चक्र कसं फिरतं ते कुठल्याही वर्गात बसून बघता येईल. ज्याच्याकडनं उत्तर येईल असं बाईंना वाटतं त्याला त्या जास्त विचारतात, तो अडला तर थांबतात, दुसऱ्या शब्दात विचारतात. मागच्या बाकावरच्याला विचारलं, दोन सेकंद थांबल्या, "बस खाली". त्याला सराव मिळत नाही, मग त्याला खरंच येत नाही, मग बाईंचा अंदाज खरा ठरतो. बाई दुष्ट नाहीत, त्यांना तासात पोर्शन संपवायचा आहे.

सोलापुरात ह्यात भाषेची भर पडते. पूर्व भागात घरी तेलुगू, अक्कलकोटकडं गेलं की घरी कन्नड, काही घरांत उर्दू, आणि पुस्तक मराठीत किंवा हल्ली इंग्रजीत. पहिलीतली पोरगी गप्प बसते कारण प्रश्नच कळलेला नसतो. गप्प बसते म्हणून कच्ची समजतात, कच्ची समजली की विचारत नाहीत, विचारत नाहीत म्हणून बोलायची सवय लागत नाही. घरी आई बिडीचं सूप मांडीवर घेऊन बसलेली, हजार बिड्या व्हायच्या आहेत, पोरीनं पानं कापून दिली तर आईचं लवकर आटपतं, आणि शाळेत काही येतच नाही म्हटल्यावर तिला पानं कापायला बसवण्यात कुणाला वावगं वाटत नाही. घरचं चक्र आणि वर्गातलं चक्र इथं एकमेकात अडकतं. शाळा म्हणते घरी लक्ष देत नाहीत, घर म्हणतं शाळेत शिकवत नाहीत. दोन्ही चक्रं एकदम बघणारा कुणी नसतो.

आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले गुरुजी सगळ्यांना माहिती आहेत, 2020 चा ग्लोबल टीचर प्राईझ, दहा लाख डॉलर, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या अंतिम फेरीतल्या शिक्षकांना वाटून टाकली. सगळ्यांना लक्षात राहिला तो पुस्तकातला क्यूआर कोड. मला त्याच्याइतकंच मोठं वाटतं ते त्याच्या आधीचं काम, की पोरांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्याच भाषेत ही गाठ त्यांनी ओळखली, स्वतः ती भाषा शिकले आणि धडे पोरांच्या भाषेत आणले. कोड ही वस्तू आहे, गाठ ही जागा आहे. नुसती वस्तू दुसऱ्या शाळेत नेली आणि तिथली गाठ निराळी असली तर काही होणार नाही.

कामावरचं ट्रेनिंग

सोलापूरचे युनिफॉर्म देशभर जातात, म्हणून उदाहरण शिलाईच्या लाईनचंच घेतो. जूनमध्ये शाळा उघडतात म्हणजे उन्हाळाभर मालाची घाई. घाई म्हणून नवीन पोरंपोरी कामाला घेतल्या. त्यांना शिकवायचं कुणी, तर जो सगळ्यात चांगला कारागीर आहे त्यानं, पण तो पीस रेटवर आहे, दुसऱ्याला कॉलर बसवायला शिकवण्यात त्याचा अर्धा दिवस गेला तर त्याची कमाई बुडते. म्हणून तो दोनदा करून दाखवतो आणि आपल्या मशिनवर जातो. नवीन पोरीची कॉलर एका टोकाला दोन सूत जास्त येते, माल परत येतो, उसवायला वेळ जातो, पीस कमी भरतात, आठवड्याला हातात जे पडतं त्यात रिक्षाभाडं आणि डब्याचा खर्च वजा केला की उरतं काय. महिना-दीड महिन्यात ती सोडून जाते. लाईनला माणूस कमी पडला, उरलेल्यांवर ओव्हरटाईम, कारागिराला शिकवायला अजूनच कमी वेळ, आणि पुढची नवीन पोरगी ह्याच्यापेक्षा कमी शिकून मशिनवर बसते. मालक सांगतो "हल्लीच्या पोरांना टिकायचंच नाही". त्याला खरंच तसं दिसतं कारण त्याच्यासमोरनं एकामागून एक माणसं जाताना दिसतात, चक्र दिसत नाही.

अशा वेळी उपाय म्हणून काय होतं, तर ट्रेनिंगचा आठवडा ठेवतात, सर्टिफिकेट देतात. ट्रेनिंग चांगलं असू शकतं. पण शिकवण्याच्या वेळेचे पैसे त्या कारागिराला मिळत नाहीत तोपर्यंत आठवड्यानंतर पोरगी परत त्याच लाईनला येते. सरकारी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं हेच होतं, तीन दिवस गटचर्चा, तक्ते, खेळ, सगळे खूश होऊन परत येतात आणि सोमवारी वर्गात पट तोच, पोर्शन तोच, ऑनलाईन भरायची माहिती तीच. बदललेला माणूस न बदललेल्या जागी परत ठेवला तर थोड्या दिवसात जागा जिंकते.

डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे गृहस्थ 1950 पासून जपानी कंपन्यांना दर्जा सुधारायला शिकवत होते. ते आपल्या सेमिनारमध्ये एक खेळ करून दाखवायचे. मोठ्या भांड्यात पांढरे आणि लाल मणी, पाचातला एक लाल. समोरच्यातनं काही जणांना कामगार म्हणून बोलवायचं, हातात 50 खळग्यांची फळी द्यायची, मण्यांत बुडवून वर काढायची. लाल मणी म्हणजे खराब माल. ज्याचे लाल कमी आले त्याचं कौतुक, ज्याचे जास्त त्याला बोलणी, मग पोस्टर लावायचं, मग बोनस, मग कामावरनं काढायचं. लोक जीव तोडून फळी सावकाश तिरकी करून बुडवायचे. आणि लाल मणी यायचे तेवढेच यायचे, कारण भांड्यातच पाचातला एक लाल होता. डेमिंगचा अंदाज होता की अडचणींपैकी 94 टक्के सिस्टिमच्या असतात, माणसाच्या नव्हे. आकडा बरोबर 94 च का ह्यात जायला नको, पण भांड्यातले मणी बदलायचा अधिकार कामगाराकडं नसतो, तो मालकाकडं असतो, हे ध्यानात ठेवलं तरी खूप.

आणि घर

कुटुंबाकडं असं बघायची सुरुवात झाली ती मानसिक आजारांच्या दवाखान्यात. 1954 पासून अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या सरकारी संस्थेत मरे बोवेन ह्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाच्या पेशंटबरोबर त्यांच्या आयांना आणि मग आख्ख्या कुटुंबांना वॉर्डात राहायला ठेवलं आणि निरखलं. त्यांना दिसलं की एकाचं वागणं बाकीच्यांपासून वेगळं काढून समजतच नाही. (इथं एक सांगणं गरजेचं आहे, स्किझोफ्रेनिया आईमुळं होतो असा त्या काळातला समज चुकीचा होता, त्यात कित्येक आयांना विनाकारण दोष लागला. तो भाग टाकून द्यायचा.) टिकला तो निरीक्षणाचा भाग. त्यातलं एक म्हणजे त्रिकोण. दोन माणसांत ताण असला की ती नकळत तिसऱ्याला मधे घेतात, आणि आपल्याकडं हा तिसरा बहुतेक वेळा पोरगं असतं.

रात्रीचे साडेनऊ.

"मोबाईल ठेव आधी."

"अभ्यासच करलालोय की आई, पीडीएफ आहे."

"दाव बघू. दाव!"

पोरगं स्क्रीन छातीला लावतं. बाहेरनं बाप, "तूच लाडावून ठेवलंयस त्याला." आई, "तुम्ही कधी बसलात का त्याच्यापाशी?" आता भांडण मोबाईलचं राहिलं नाही, पोरगं हळूच गच्चीवर जातं.

आईला विचारा, ती म्हणेल तो लपवतो म्हणून मला तपासावं लागतं. पोराला विचारा, तो म्हणेल ती सारखी तपासते म्हणून मी लपवतो. मानसशास्त्रज्ञ पॉल वाट्झलाविक आणि त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात हेच नवराबायकोच्या भांडणात दाखवलं होतं, दोघं एकच गोल सांगत असतात, फक्त सुरुवात कुठनं झाली ते प्रत्येकजण आपल्या सोयीच्या जागी धरतो. आईबापांचं आपसातलं जे काही असेल, पैशाचं, सासरचं, ते बोलायला अवघड असतं म्हणून पोराच्या अभ्यासावर बोलतात. पोरगं दहावी पास होऊन पुण्याला गेलं की कित्येक घरांत एकदम शांतता येते किंवा एकदम नवीन भांडणं निघतात, दोन्ही ह्याच कारणानं. आणि पुष्कळदा जे पोरगं घरात "बिघडलेलं" म्हणून नाव घेतलं जातं त्याला एकट्यालाच समुपदेशकाकडं नेतात. ते तिथं तासभर नीट बोलतं, घरी येतं आणि त्याच गोलात परत उभं राहतं.

म्हणजे कुणाचीच चूक नसते असं म्हणायचं का?

नाही, आणि हा आक्षेप बरोबर जागी लागतो. जो मास्तर वर्गावर जातच नाही तो चुकतोय, त्याला चक्राची ढाल नको. पण त्याच जागी एकामागून एक तीन माणसं आली आणि तिघंही तशीच वागायला लागली तर चौथा माणूस शोधण्याआधी ती जागा बघा, एवढंच हे म्हणणं आहे. घरातल्या मारहाणीत तर गोल काढायला बसायचंच नाही. "ती बोलते म्हणून तो मारतो" हा गोल नाही, हात उचलणाऱ्याची ती निवड आहे आणि आधी मार खाणाऱ्याला सुरक्षित करायचं. कुटुंबाकडं सिस्टिम म्हणून बघणाऱ्यांवर ह्याच मुद्द्यावरनं 1970-80 च्या दशकात स्त्रीवादी तज्ज्ञांनी कडक टीका केली आणि ती टीका रास्त होती. ज्याच्या हातात जास्त ताकद त्याच्यावर जास्त जबाबदारी, हे गोलात लिहिलं नाही तर गोल खोटा.

एवढं सगळं बघत बसलो तर काम कधी करायचं?

सगळं बघायचं नसतंच. एक प्रश्न घ्या जो परत परत येतोय, एकदाच झालेला घेऊ नका. कागदाच्या मधोमध तो लिहा. कशामुळं वाढतो ते बाजूला लिहा, त्यानं काय वाढतं ते दुसऱ्या बाजूला, बाण काढा, आणि बाण फिरून परत आला का बघा. पाच-सहा गोष्टींपलीकडं गेलात तर थांबा, नाहीतर कागदावर जाळं होतं आणि वाचता येत नाही. मग विचारा ह्यातला कुठला बाण आपल्या हातात आहे. डोनेला मेडोज ह्यांनी ह्या विषयावर आयुष्य घालवलं, 2001 मध्ये त्या गेल्या. त्या सांगायच्या की लोक आकड्यांशी झगडत बसतात, तास वाढवा, फी वाढवा, मार्कांची अट वाढवा, आणि त्यानं सगळ्यात कमी फरक पडतो. माहिती कुणाला कधी मिळते, नियम कोण ठरवतं, उद्देश काय धरलाय, इथं हात घातला तर जास्त हलतं. गणिताची वही तीन आठवड्यांनी तपासून आली तर पोरानं तोवर तीच चूक पन्नास गणितांत पक्की केलेली असते. तास वाढवायची गरज नाही, चार गणितं त्याच दिवशी बघितली तरी विलंब कापला जातो. मोबाईलच्या गोलात आईनं तपासणं एकदम बंद करावं असं मी म्हणणार नाही, पण तपासण्याची वेळ आणि पद्धत पोराबरोबर बसून आधी ठरवली आणि बाकीच्या वेळी हात लावला नाही तर लपवायचं कारण कमी होतं.

आपण एकट्यानं बदलून काय होणार?

बोवेनचं म्हणणं होतं की गोलातला एकजण जरी आपला वाटा शांतपणे बदलून टिकला तरी गोल तसाच फिरू शकत नाही. अट टिकण्याची आहे. कारण बदललात की बाकीचे आधी तुम्हाला जुन्या जागी ओढतात, "काय झालंय तुला, आधी अशी नव्हतीस" हे ऐकावं लागतं, आणि विलंब असतो म्हणून सुरुवातीला उलट बिघडल्यासारखंच दिसतं. आई ओरडायची थांबली की पहिले काही दिवस पोरगं मोबाईल जास्तच बघणार. बहुतेक लोक इथंच सोडतात आणि म्हणतात काही उपयोग नाही. म्हणून आधीच ठरवा की महिनाभर तरी निकाल लावायचा नाही.

शाळेच्या बाबतीत मात्र एकटं असायची गरजसुद्धा नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 नं सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती ठेवलीये, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बायका असल्या पाहिजेत असं कायद्यात लिहिलंय, आणि सरकारी शाळांत शाळेचा विकास आराखडा करायचं काम तिच्याकडं आहे. बऱ्याच ठिकाणी ही बैठक म्हणजे सही करून चहा. पण पालक, मास्तर आणि मुख्याध्यापक एका टेबलाभोवती कायद्यानं बसतात अशी ही जागा आहे, घरचं चक्र आणि वर्गातलं चक्र एका कागदावर काढता येईल ते इथंच. पुढच्या बैठकीत "कुणाचं चुकलं" हा विषय न घेता एकच विचारा, तिसरीतली कुठली पोरं गेल्या महिन्यात वर्गात एकदापण बोलली नाहीत. नावं काढायला वर्गशिक्षिकेला जरा वेळ द्यावा लागेल. मग त्या पोरांच्या घरी कुठली भाषा आहे, संध्याकाळी घरात कुठलं काम चालतं, वर्गात ती कुठल्या बाकावर बसतात आणि त्यांची वही शेवटची कधी तपासली, हे चार रकाने समोरासमोर भरायचे, मास्तरांनी आणि आयांनी मिळून.

आयांची बैठक सकाळी ठेवू नका. बिड्या कारखान्यात देऊन यायची ती वेळ असते.